मोटारीची ठेवण आणि इटालियन कारागिरी

किल्ल्यासमोर मोकळ्या ठेवलेल्या मैदानास युरोपीय भाषांत 'एस्प्लनेड' म्हणतात. कोलकात्यातील फोर्ट विल्यमसमोरील अशाच मैदानाच्या कडेला जो चौक वसला, त्याला हेच नाव चिकटले, आणि आज तो त्या महानगराच्या वाहतुकीचा मध्यबिंदू आहे. १९०२ साली विजेवर चालणारी ट्राम येथून खिदिरपूरकडे धावली. १९८४ साली भारतातील पहिली भुयारी रेल्वे ह्याच चौकाखालून भवानीपूरपर्यंत सुरू झाली. एका अंगाला धर्मतळ्याच्या तोंडाशी १८४२ साली बांधलेली टिपू सुलतान मशीद, दुसऱ्या अंगाला शहीद मिनार, आणि त्यांच्यामधून वाहणारी चौरंगीची गर्दी. ह्या देखाव्यात गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ एक वस्तू हटकून दिसत आली आहे. ती म्हणजे पिवळी अॅम्बॅसॅडर टॅक्सी.

मुंबईहून आलेल्या मराठी प्रवाशास ही टॅक्सी पाहून एक तुलना सहज सुचते. मुंबईच्या किल्ल्यासमोरही एके काळी एस्प्लनेड होते. आजचा महात्मा गांधी मार्ग पूर्वी एस्प्लनेड रोड म्हणून ओळखला जात असे. त्या रस्त्यावरील टॅक्सी मात्र निराळी होती. ती काळ्या-पिवळ्या रंगाची, अंगाने लहान व रेषेने रेखीव अशी फियाट, म्हणजेच पुढे 'प्रीमियर पद्मिनी' ह्या नावाने प्रसिद्ध झालेली गाडी होती. कोलकात्याच्या टॅक्सीची ठेवण इंग्लंडातून आली, मुंबईच्या टॅक्सीची इटलीतून. मोटारीची ठेवण म्हणजे काय, ती कशाने घडते, आणि इटालियन ठेवण इतर देशांच्या ठेवणीपेक्षा उशिरा जुनी का होते, हे समजावून घेण्यास ह्या दोन गाड्यांहून अधिक सोयीचे उदाहरण भारतात सापडणार नाही.

दोन चौक, दोन गाड्या

हिंदुस्थान मोटर्स ही संस्था १९४२ साली स्थापन झाली. तिचा कारखाना पुढे हुगळीच्या पलीकडील तीरावर उत्तरपाडा येथे उभा राहिला. तेथे १९५७-५८ पासून जी अॅम्बॅसॅडर तयार होऊ लागली, ती इंग्लंडातील 'मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका' ह्या गाडीची भारतीय आवृत्ती होय. मूळ गाडी १९५६ ची. गोलसर पाठ, उंच छप्पर आणि फुगीर बॉनेट ही तिची लक्षणे. तिच्या दोन आसांमधील अंतर २,४६४ मिलिमीटर आणि एकूण लांबी ४.३ मीटरच्या आसपास होती.

मुंबईत कुर्ला येथे वालचंद हिराचंद ह्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स ह्या संस्थेची स्थापना १९४४ ची. सोलापुरात जन्मलेल्या ह्या उद्योजकाच्या कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी तयार होऊ लागली. इटलीत ती आदल्याच वर्षी प्रकट झाली होती. दान्ते जाकोसा ह्या अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली फियाटच्या आरेखन-विभागाने ती सिद्ध केली. तिच्या गुबगुबीत अंगामुळे मुंबईकरांनी तिला 'डुक्कर फियाट' असे नाव ठेवले. १९६४ पासून त्याच गाडीची अधिक सरळ रेषांची, मागील बाजूस लहान कल्ले असलेली सुधारित आवृत्ती येथे निघाली, आणि १९७४ च्या सुमारास तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. तिच्या आसांमधील अंतर २,३४० मिलिमीटर, लांबी ३.९ मीटरपेक्षा किंचित अधिक.

दोन्ही गाड्यांत चार-पाच माणसे बसत. दोहोंची बांधणी एकाच तत्त्वावर, म्हणजे वेगळ्या जड सांगाड्याऐवजी पत्र्याच्या कायेलाच भार सोसावयास लावणारी. असे असूनही एक गाडी प्रशस्त पण बोजड, तर दुसरी लहान पण सुटसुटीत दिसे. हा फरक केवळ ४० सेंटिमीटरांचा नव्हे.

तांबट आणि पत्रेकार

हा फरक कळण्यासाठी प्रथम पत्र्याचा स्वभाव समजला पाहिजे. सपाट पत्रा हाताने दाबला की लवतो आणि थापटला की वाजतो. तोच पत्रा दोन्ही दिशांनी किंचित फुगवला की ताठ होतो. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तांबट हंड्याचे पोट ठोकून मठारतो, ते केवळ चकाकीसाठी नव्हे. प्रत्येक ठोक्यासरशी धातूच्या स्फटिकांतील थर एकमेकांवर सरकतात व परस्परांत गुंततात. त्यामुळे धातू कठीण होतो, आणि पातळ पत्र्याचा हंडा पाण्याचा भार सहज पेलतो.

इटलीत मोटारीची काया बांधणाऱ्या कारखान्यास 'कारोत्सेरिया' म्हणतात. मोटारीच्या पूर्वी घोड्यांच्या बग्ग्या बांधणारे कारागीर ह्या धंद्यात उतरले. तुरिन हे शहर १८६५ पर्यंत राजधानीचे ठिकाण होते. तेथे बग्गी बांधणाऱ्यांस राजदरबाराचा आश्रय होता. १८९९ साली त्याच शहरात फियाटची स्थापना झाली. बेर्तोने ह्यांचा कारखाना १९१२ चा, मिलानजवळील झागातोचा १९१९ चा, आणि बात्तिस्ता 'पिनिन' फारिना ह्यांचा १९३० चा. ह्या कारखान्यांतील पत्रेकार लाकडी साच्यावर पत्रा बसवून, वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने ठोकून, हवा तो फुगवटा आणीत. फुगवटा बरोबर आला की नाही ते पाहण्यास त्यांच्याजवळ मुख्य साधन होते तळहात. डोळे मिटून पत्र्यावरून हात फिरवावा आणि कोठे उंचवटा लागतो ते सांगावे, अशी त्यांची परीक्षा असे.

ह्या व्यवस्थेतील महत्त्वाची गोष्ट अशी की, पेन्सिलीने रेषा काढणारा आणि हातोड्याने ती पत्र्यात उतरविणारा हे दोघे एकाच छपराखाली काम करीत. कागदावरील रेषा पत्र्यात उतरत नसेल, तर पत्रेकार ते त्याच दिवशी सांगे. पत्र्याला जी रेषा सहज मानवते ती आरेखकाच्या हाती हळूहळू बसून जाई. इटालियन ठेवणीचा पहिला उगम येथे आहे.

ट्रामचा हिसका

दुसरे कारण भूमितीचे आहे. एस्प्लनेडच्या ट्राम-आगारातून सरळ निघालेली ट्राम तीव्र वळणात शिरते तेव्हा उभ्या उतारूस हिसका बसतो. रूळ कोठे तुटलेला नसतो. सरळ रेषा आणि वर्तुळाचा कंस ही जेथे मिळतात तेथे त्यांची दिशाही एकच असते. मग हिसका का बसावा? सरळ रेषेची वक्रता शून्य असते, तर कंसाची वक्रता त्याच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. सांध्यावर दिशा बदलत नाही. परंतु वक्रता मात्र एका क्षणात शून्यावरून त्या मूल्यावर उडी घेते, आणि गाडीला बाजूस लोटणारी प्रेरणाही तशीच एकाएकी उत्पन्न होते. म्हणून वेगाने धावणाऱ्या रेल्वेच्या मार्गावर सरळ रूळ आणि कंस ह्यांच्यामध्ये वक्रता क्रमाक्रमाने वाढविणारा एक संक्रमण-वक्र घालतात. शहरातील अरुंद रस्त्यावर त्याला पुरेशी जागा नसते.

जे उतारूच्या पायांस जाणवते तेच मोटार पाहणाऱ्याच्या डोळ्यांस जाणवते. रंगविलेला पत्रा हा एक वाकडा आरसा होय. त्यात रस्त्यावरील दिवे, इमारतींच्या कडा व क्षितिज ह्यांची प्रतिबिंबे पडतात. पत्र्याच्या वक्रतेत जेथे एकाएकी उडी असेल, तेथे प्रतिबिंबाची रेषा मोडते. पाहणाऱ्यास कारण सांगता येत नाही. 'काहीतरी खटकते' एवढेच तो म्हणतो. उलट जेथे वक्रता सावकाश बदलते, तेथे प्रकाशाची रेषा दिव्यापासून मागील चाकापर्यंत अखंड वाहत जाते आणि गाडी उभी असतानाही सलग, एकजीव वाटते. तुरिनचे पत्रेकार तळहाताने जे शोधीत, ते हेच होते. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीतील पॉल द कास्तल्झो ह्यांनी १९५९ पासून, व पुढे रेनो कंपनीतील पिएर बेझिए ह्यांनी, अशा वक्रांचे गणित मांडले. आज संगणकाच्या पडद्यावर गाडीच्या आकृतीवर काळे-पांढरे पट्टे पाडून ते कोठे मोडतात हे तपासले जाते. परीक्षा तीच आहे. तळहाताची जागा पट्ट्यांनी घेतली, इतकेच.

ह्या गुणाचे एक सर्वमान्य उदाहरण म्हणजे पिनिन फारिना ह्यांनी १९४७ साली घडविलेली 'चिसितालिया २०२' ही गाडी. त्याआधीच्या मोटारीत बॉनेट, मडगार्ड, दिवे हे अवयव एकमेकांस जोडल्यासारखे सुटे दिसत. चिसितालियात ते सारे एकाच पृष्ठभागात विलीन झाले. दिवे मडगार्डाच्या टोकात सामावले गेले, आणि बॉनेट मडगार्डांपेक्षा खाली आले. १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आठ मोटारींचे जे प्रदर्शन भरविले, त्यात हिचा समावेश होता. त्या गाडीवर शोभेचे असे काही शोधू गेल्यास फारसे हाती लागत नाही. जे आहे ते प्रमाण आणि पृष्ठभाग.

टंचाईची शिस्त

तिसरे कारण आर्थिक आहे. अमेरिकेत एकाच प्रकारच्या मोटारी लाखांच्या संख्येने खपत. पत्रा दाबून घडविण्यासाठी जे पोलादी साचे लागतात ते कित्येक टन वजनाचे व अतिशय महाग असतात. परंतु त्यांचा खर्च लाखो गाड्यांवर वाटला गेला की दर गाडीमागे नगण्य होतो. म्हणून तेथील कारखान्यांस दरवर्षी नवा साचा परवडे. किंबहुना जुनी गाडी जुनी वाटावी व ग्राहकाने नवी घ्यावी हाच त्यांच्या व्यापाराचा पाया होता. जनरल मोटर्समधील हार्ली अर्ल ह्यांच्या देखरेखीखाली १९४८ च्या कॅडिलॅकवर लहानसे शेपूट-कल्ले आले. १९५९ पर्यंत ते एवढे वाढले की त्याहून वाढणे शक्य नव्हते. पुढच्या काही वर्षांत ते नाहीसे झाले. जे दरवर्षी बदलण्यासाठीच निर्माण केले जाते, ते जुने होणे हे त्याचे कर्तव्यच ठरते.

इटलीची परिस्थिती ह्याच्या उलट होती. युद्धाने देश खंगलेला, पेट्रोल महाग, आणि मोटारीवरील कर इंजिनाच्या आकारमानावर बसे. म्हणून गाडी लहान हवी, पत्रा थोडा हवा, आणि एकदा केलेला साचा अनेक वर्षे चालावयास हवा. अशा ठिकाणी आरेखकास चालू वर्षाच्या आवडीवर भिस्त ठेवता येत नाही. क्रोमची पट्टी किंवा कल्ला ह्यांनी गाडी सजविण्यापेक्षा चाकांचा आकार, काचांची उंची आणि खालच्या अंगाची जाडी ह्यांचे प्रमाण साधणे अधिक स्वस्त पडते, आणि ते अधिक टिकतेही. जाकोसा ह्यांच्या १९५७ च्या चिमुकल्या फियाट ५०० ला १९५९ साली इटलीतील 'कोंपास्सो द'ओरो' हे अभिकल्पाचे पारितोषिक मिळाले. तिच्यात काटकसर लपविलेली नाही. काटकसरीलाच रूप दिले आहे.

ह्याचा अर्थ इटालियन गाडी सर्वगुणसंपन्न होती असा मुळीच नव्हे. १९७० च्या दशकात इटालियन गाड्या लवकर गंजतात अशी युरोपभर त्यांची अपकीर्ती झाली होती. जर्मन गाडीचा भक्कमपणा आणि जपानी गाडीचा बिनतक्रार स्वभाव ह्यांपुढे त्या अनेकदा उण्या ठरल्या. तरीही ठेवणीच्या बाबतीत प्रतिस्पर्ध्यांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे.

प्रतिस्पर्धी तुरिनच्या दारी

प्रतिस्पर्धी तुरिनला गेले. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने १९५५ च्या '४०३' गाडीची ठेवण पिनिन फारिनांकडून घेतली. जर्मनीतील फोक्सवागनने १९७४ ची गोल्फ जोर्जेत्तो जुजारो ह्यांच्याकडून आरेखून घेतली. जपानच्या दात्सुनची १९६३ ची ब्लूबर्ड पिनिनफारिनाकडून आली. फ्रान्सच्या अभिमानाची समजली जाणारी १९५५ ची सिट्रोएन डीएस घडविणारा शिल्पकार फ्लामिनिओ बेर्तोनी हाही जन्माने इटालियनच.

परंतु एस्प्लनेडवर उभे राहणाऱ्यास सर्वांत बोधप्रद वाटावे असे उदाहरण इंग्लंडचे आहे. अॅम्बॅसॅडरची जननी असलेली मॉरिस ऑक्सफर्ड जिच्या पोटी आली, त्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने १९५० च्या दशकातच पिनिन फारिनांस पाचारण केले. १९५९ साली मॉरिस ऑक्सफर्डची पाचवी मालिका निघाली ती त्यांनी दिलेल्या ठेवणीत. म्हणजे ज्या रूपाची गाडी उत्तरपाड्यात नुकतीच सुरू झाली होती, तेच रूप तिच्या मायदेशात इटालियन रूपाने जवळजवळ लागलीच मागे सारले. इंग्लंडात ते टिकले अवघी काही वर्षे. बंगालमध्ये टिकले २०१४ पर्यंत.

भारतातील तिसऱ्या गाडीचीही हीच कथा. मद्रासमध्ये १९६१ पासून तयार होणारी स्टँडर्ड हेरल्ड ही मूळची ट्रायंफ हेरल्ड. कंपनी इंग्लिश, परंतु तिची ठेवण तुरिनच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती ह्यांची. साठच्या दशकातील भारतीय रस्त्यावर मुख्यतः ज्या तीन मोटारी दिसत, त्यांपैकी दोन अशा रीतीने तुरिनच्या पेन्सिलीतून उतरलेल्या होत्या.

भारतातील दीर्घ परीक्षा

ठेवण किती काळ टिकते ह्याची परीक्षा युरोपात किंवा अमेरिकेत नीटशी होत नाही. कारण तेथे साचा बदलतो. भारतात ती परीक्षा अनायासे झाली. स्वातंत्र्योत्तर काळात परदेशी मोटारींची आयात जवळजवळ बंद होती, मोजक्या कारखान्यांस परवाने होते, आणि ग्राहक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत असे. गाड्या थोड्या निघत, म्हणून साच्याचा खर्च लवकर वसूल होत नसे. आणि ग्राहक हमखास असल्यामुळे तो बदलण्याची निकडही नसे. अॅम्बॅसॅडर सुमारे ५७ वर्षे आणि फियाटची दुसरी ठेवण साडेतीन दशके, जवळजवळ जशीच्या तशी निघत राहिली.

ह्या परीक्षेचा निकाल एकतर्फी नाही. अॅम्बॅसॅडरवर बंगालने जिवापाड प्रेम केले, आणि ते अकारण नव्हते. तिच्या मागील आसनावर तीन धिप्पाड माणसे ऐसपैस बसत. छप्पर उंच, डिकी मोठी, आणि पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यातूनही ती वाट काढी. तिचे आकर्षण सोबतीचे आहे. फियाटविषयी मुंबईकरांसही अशीच सोबतीची माया आहे. पण तिच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसते. तिला कधी न पाहिलेला परका माणूसही तिच्या कमरेच्या सरळ रेषेकडे आणि लहानशा कल्ल्यांकडे पाहून थांबतो. सोबतीचे आकर्षण त्या पिढीबरोबर जाते; प्रमाणाचे आकर्षण पुढील पिढीसही नव्याने सापडते. दोहोंतील भेद एवढाच, आणि तो लहान नाही.

आता दोन्ही परीक्षांचा काळ संपत आला आहे. मुंबईत टॅक्सीस २० वर्षांची मर्यादा आहे. २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली, आणि काळ्या-पिवळ्या फियाटचे पर्व संपले. कोलकात्यात व्यावसायिक वाहनांस १५ वर्षांची मर्यादा असल्यामुळे एस्प्लनेडवरील पिवळ्या रांगाही विरळ होत आहेत.

हात आणि पेन्सिल

ह्या गाड्यांबरोबर आणखी एक गोष्ट लुप्त होण्याच्या वाटेवर आहे. इतकी वर्षे ह्या गाड्या रस्त्यावर राहिल्या त्या कारखान्यांमुळे जितक्या, तितक्याच गल्लीबोळांतील डेंटिंग करणाऱ्या मिस्त्रींमुळे. अपघातात चेपलेले मडगार्ड खालून लोखंडी ठोकळा धरून, वरून हातोडीने हलके ठोके देत पूर्ववत करणारा कोलकात्याचा किंवा कुर्ल्याचा मिस्त्री जे करतो, ते तुरिनच्या पत्रेकाराच्या कामाहून जातीने वेगळे नाही. तोही शेवटी डोळे बाजूस सारून तळहातच फिरवतो. फरक एवढाच की तुरिनमध्ये त्या हातांशेजारी पेन्सिल होती. भारतात हात रस्त्यावर होते आणि पेन्सिल परदेशी. तिने काढलेली रेषा परवान्याबरोबर विकत घेतलेली होती. दुरुस्त करणाऱ्यास नवी रेषा कोणी कधी विचारली नाही.

ह्या बाबतीत कोरियाचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. ह्युंदाई कंपनीने १९७५ साली काढलेल्या पोनी गाडीची ठेवण जुजारो ह्यांची होती. परंतु त्या कामाच्या वेळी कोरियन अभियंते तुरिनला राहून आरेखनाची रीत शिकून आले. रेषा विकत घेणे आणि रेषा काढण्यास शिकणे ह्यांत अंतर आहे, आणि ते अंतर त्यांनी त्याच वेळी ओळखले.

भारतानेही हा धडा, उशिरा का होईना, गिरविला आहे. अहमदाबादेत १९६१ साली राष्ट्रीय अभिकल्प संस्था व पवईच्या आय.आय.टी.त १९६९ साली औद्योगिक अभिकल्प केंद्र निघाले. पुण्याच्या टाटा कारखान्यातून १९९८ साली आलेली इंडिका देशात विकसित झाली; तिच्या ठेवणीसाठी मात्र तुरिनच्याच आय.डी.ई.ए. संस्थेचे साहाय्य घेतले होते. पुढे काळाने चक्र उलटे फिरविले. तुरिनची जुनी घराणी आर्थिक अडचणीत आली. बेर्तोनेचे २०१४ साली दिवाळे निघाले, आणि २०१५ च्या अखेरीस पिनिनफारिना ही संस्था विकत घेण्याचा करार केला तो मुंबईच्या महिंद्र समूहाने. ज्या हातांनी मॉरिस ऑक्सफर्डला नवे रूप दिले, त्या हातांचा वारसा अशा रीतीने भारतीय मालकीत आला आहे.

मालकी येणे आणि विद्या येणे ह्या मात्र दोन गोष्टी आहेत. इटालियन ठेवणीचे टिकाऊ आकर्षण कोणा एका प्रतिभावंताच्या लहरीतून किंवा इटलीच्या हवापाण्यातून आलेले नाही. काटकसरीची सक्ती, वक्रतेची जाण, आणि हातोडा व पेन्सिल ह्यांचा रोजचा सहवास, ह्या तीन साध्या कारणांनी ते घडले. ह्यांपैकी काटकसर भारतास शिकवावी लागत नाही. वक्रतेचे गणित कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकता येते. उरतो तो सहवास. एस्प्लनेडवरील शेवटची पिवळी टॅक्सी भंगारात जाण्यापूर्वी, तिचा पत्रा ज्यांच्या तळहातांस पाठ आहे अशा मिस्त्रींस आरेखनशाळेच्या दारातून आत घेतले गेले, तर त्या तिसऱ्या कारणाचीही सोय ह्या देशात होऊ शकेल.